निवासी हस्तकला कार्यशाळेला जाताय? नोंदणीपासून घरी परतेपर्यंतचा योग्य क्रम

तीन ते सात दिवसांच्या निवासी कार्यशाळेहून परतणाऱ्या बऱ्याच जणांच्या पिशवीत अर्धवट वस्तू असतात आणि तोंडी एकच तक्रार असते: वेळ पुरला नाही. वेळ बहुतेकदा पुरेसा असतो, बिघडतो तो क्रम. कला निवडताना आपण आवड पाहतो, तारखा पाहतो, राहण्याची सोय पाहतो. पण त्या कलेतला पदार्थ वाळायला, मुरायला, भाजून थंड व्हायला किती वेळ मागतो, हे फार कमी जण विचारतात. मग तिसऱ्या दिवशी कळतं की आपलं भांडं अजून ओलं आहे आणि घरी जायची वेळ परवा सकाळी आहे.

खालचे टप्पे पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा जाणाऱ्या प्रौढांसाठी आहेत. ते याच क्रमाने करा. विशेषतः पहिले दोन टप्पे पैसे भरण्याआधी उरकायचे आहेत.

टप्पा १ : आधी पदार्थाचा वेळ मोजा, मग कला निवडा

कार्यशाळेतला वेळ दोन प्रकारांनी जातो. एक, तुमचे हात चालतात तो. दुसरा, वस्तू फळीवर नुसती पडून असते तो. पहिला वेळ मेहनतीने भरून काढता येतो. दुसऱ्यावर कुणाचाच इलाज नाही. म्हणून प्रत्येक कलेचा हा दुसरा वेळ आधी माहीत हवा.

कुंभारकामात तो सगळ्यात मोठा असतो. चाकावर केलेलं भांडं आधी चामड्याइतकं घट्ट व्हावं लागतं, तेव्हाच त्याचं बूड तासता येतं, कान जोडता येतो. मग ते पूर्ण वाळायला भिंतीची जाडी आणि हवेतला ओलावा यांनुसार काही दिवसांपासून आठवडाभर लागतो. पुढे पहिली भाजणी साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला होते. थंड झाल्यावर झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, चढवायची आणि दुसरी भाजणी करायची. ती साध्या लाल मातीसाठी साधारण १००० ते ११५० अंशांना, तर स्टोनवेअर या जास्त उष्णतेवर घट्ट भाजल्या जाणाऱ्या मातीसाठी १२०० ते १३०० अंशांना. प्रत्येक भट्टी तापून पुन्हा उघडण्याइतकी निवायला एक ते दोन दिवस जातात. बेरीज करून पाहा. पाच दिवसांच्या कार्यशाळेत स्वतः चाकावर केलेला कप झिलईसह घेऊन परतण्याची आशा धरू नका. कुणी तसं आश्वासन देत असेल, तर बहुधा आधीच भाजून ठेवलेली भांडी देऊन फक्त झिलई करून घेणार असतील. त्यात गैर काही नाही, पण ते तुम्हाला आधी माहीत असायला हवं.

राकूचं तंत्र हा याला अपवाद वाटतो. एकदा भाजलेल्या भांड्यावर झिलई लावून ते सुमारे १००० अंशांवर लालबुंद असतानाच लांब चिमट्याने बाहेर काढतात आणि भुसा किंवा कागद भरलेल्या डब्यात ठेवतात. वस्तू त्याच दिवशी हातात येते. मात्र भाजलेलं भांडं त्यासाठी आधीच तयार लागतं. शिवाय राकूचं भांडं सच्छिद्र असतं, त्यातून पाणी झिरपतं. ते शोभेसाठीच ठेवावं, खाण्यापिण्यासाठी वापरू नये.

विणकामात वाट पाहावी लागत नाही, पण सुरुवातच लांब असते. चार चौकटींच्या मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, मोजणं, एकेक धागा ओवणं, सारख्या ताणाने गुंडाळणं यात नव्या माणसाचा पूर्ण दिवस जातो. टेबलावर मावणाऱ्या, एकाच फणीच्या लहान मागावर हेच काम दोन-तीन तासांत होतं. तीन दिवस हातात असतील तर लहान मागच घ्या. काही ठिकाणी ताणा आधीच लावून ठेवतात. तिथे विणून भरपूर होतं, पण घरी आल्यावर नवा ताणा लावता येत नाही आणि माग कोपऱ्यात पडून राहतो. दोन्ही कार्यशाळा समोर असतील, तर मी ताणा शिकवणारी निवडायला सांगेन, मग गळपट्टा वीतभर आखूड झाला तरी चालेल.

नैसर्गिक रंगांच्या कामात सुती कापडाला संयम लागतो. ते उकळून धुवायचं, टॅनिन या तुरट द्रव्याच्या, उदाहरणार्थ हिरड्याच्या, पाण्यात भिजवायचं, मग तुरटीच्या. प्रत्येक भिजवण काही तासांची किंवा रात्रभराची. रंगाच्या भांड्यापर्यंत पोचायलाच दोन दिवस जाऊ शकतात. लोकर आणि रेशीम यांना टॅनिनची पायरी लागत नाही, म्हणून ते लवकर होतं. निळीला तर तुरटीचीही गरज नसते, त्यामुळे पहिल्याच दिवशी रंग दिसतो. दोन दिवसांच्या शिबिरासाठी नीळ उत्तम.

बाकीचं थोडक्यात. पुस्तकबांधणी लहान कार्यशाळेत छान बसते, फक्त चिकटवलेली पुठ्ठ्याची पानं वजनाखाली रात्रभर ठेवावी लागतात. लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापे काढण्यात, पाण्याची शाई काही तासांत वाळते, तेलाच्या शाईला काही दिवस लागतात. चांदीच्या कामात पडून राहण्याचा वेळ जवळजवळ नाहीच, एका दिवसात साधी अंगठी होते. ओल्या लाकडाचा चमचा दोन दिवसांत कोरून होतो, पण तो पुढे आठवडाभर किंवा जास्त सावकाश वाळतो. तैलचित्र शेवटच्या दिवशी ओलंच असणार हे धरून चाला.

शनिवार-रविवारच्या शिबिरात एक तंत्र समजतं. आठवडाभराच्या शिबिरात तेच तंत्र चार-पाच वेळा करून पाहता येतं आणि हाताला बसायला लागतं. अमेरिकेतल्या पेनलंड किंवा हेस्टॅक यांसारख्या जुन्या निवासी कलाशाळा एक-दोन आठवड्यांची सत्रं ठेवतात, ती याच पुनरावृत्तीसाठी उपयोगी पडतात. पाच दिवसांना 'मोठी सुट्टी' समजून दोन कला एकत्र शिकवणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. दोन्ही अर्धवट राहतात.

*तपासणी :* कागदावर तीन ओळी लिहा. हात चालण्याचा वेळ किती, पडून राहण्याचा वेळ किती, शेवटच्या दिवशी वस्तू कोणत्या अवस्थेत असेल. तिसरी ओळ लिहिता येत नसेल, तर नोंदणी करू नका; आधी आयोजकांशी बोला.

टप्पा २ : पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा

माहितीपत्रकात सुंदर छायाचित्रं असतात, कामाची माहिती क्वचित. फोन करा किंवा लिहून विचारा. हे प्रश्न पुरतात:

१. एका शिक्षकामागे किती जण? धारदार हत्यारं किंवा आगीचं काम असेल, तर आठ-दहाच्या वर मी जाणार नाही.

२. चाक, माग, कामाचं टेबल प्रत्येकाला वेगळं आहे का? दोघांत एक चाक म्हणजे तुमचा चाकावरचा वेळ सरळ निम्मा.

३. संध्याकाळी जेवणानंतर स्टुडिओ उघडा असतो का आणि कितीपर्यंत? निवासी कार्यशाळेचा खरा फायदा इथे आहे. पाच वाजता कुलूप लागणार असेल, तर राहण्याचे पैसे कशाचे देताय याचा विचार करा.

४. वस्तू मागाहून भाजली किंवा पूर्ण केली जाणार असेल तर ती कोण पाठवणार, खर्च कुणाचा, वाटेत फुटली तर काय?

५. शुल्कात कोणतं साहित्य धरलं आहे? माती मोजून मिळते की हवी तेवढी? भाजणीचे पैसे वेगळे आहेत का?

६. खोलीपासून स्टुडिओ किती लांब, जिने किती, खोलीत अजून कोण?

'सर्व पातळ्यांसाठी' असं लिहिलेलं असेल तर एक प्रश्न जास्तीचा विचारा: गेल्या वेळी आलेल्यांपैकी किती जण अगदी नवे होते? यातून वर्गाची खरी पातळी कळते.

तब्येतीबद्दल आत्ताच स्पष्ट बोला. मनगटाचं दुखणं, पाठीचा त्रास, दमा, गर्भारपण, हातांची अॅलर्जी यांपैकी काही असेल तर ते शिक्षकाला आधी कळलं पाहिजे. बसायला उंच स्टूल, उभ्याने चालवायचं चाक, धातू जोडायला शिशाच्या डाखाऐवजी शिसंविरहित डाख अशा सोयी आठवडाभर आधी करता येतात, सकाळी नऊ वाजता दारात उभं राहून नाही.

टप्पा ३ : आधीचे तीन आठवडे

या काळात बहुतेक जण व्हिडिओ पाहतात. त्याने डोळा तयार होतो, हात होत नाही, आणि मग पहिल्याच दिवशी आपल्या हाताबद्दल निराशा वाटते. त्याऐवजी रोज वीस मिनिटं एखादं छोटं, नीरस काम करा. पुस्तकबांधणीला जाणार असाल तर पोलादी पट्टी आणि कटरने जाड कागद सरळ कापत बसा. लाकूडकामाला जाणार असाल तर सुरीला धार लावायला शिका. भरतकामाला जाणार असाल तर एकाच मापाचे टाके घाला. कुंभारकामासाठी कणकेएवढ्या घट्ट गोळ्याला मळण्याचा सराव पुरे. त्याने मनगट आणि खांदे तयार होतात.

चष्म्याकडे दुर्लक्ष करू नका. चाळिशीनंतर हाताच्या अंतरावरचं बारीक काम नेहमीच्या वाचायच्या चष्म्यातून धूसर दिसू शकतं, कारण पुस्तक आणि कामाचं टेबल यांचं डोळ्यापासूनचं अंतर वेगळं असतं. ज्या अंतरावर काम करणार ते पट्टीने मोजा आणि चष्मा करणाऱ्याला तो आकडा सांगा. आपला हात थरथरतो असं समजणाऱ्या कित्येकांची अडचण डोळ्यांची असते.

धारदार हत्यारांचं काम असेल तर धनुर्वाताच्या लशीला दहा वर्षं झाली आहेत का ते डॉक्टरांना विचारून घ्या. चाकावर बसणार असाल तर नखं आदल्या दिवशी कापा आणि अंगठ्या घरी ठेवा.

काय करायचं तेही आत्ताच ठरवा. तीस छायाचित्रं नेऊ नका, तीन न्या. त्या तिन्हींपैकी सगळ्यात लहान वस्तू निवडा. आणि मग तीही थोडी लहान करा.

*इशारा :* जाण्याआधी हत्यारं विकत घेऊ नका. नवशिक्याला कोणती पटाशी हाताला बसते हे दहा पटाशा वापरल्याशिवाय कळत नाही, आणि त्या दहा तुम्हाला तिथेच वापरायला मिळणार आहेत.

टप्पा ४ : पिशवी भरणं

कपडे जुने आणि सुती. आगीजवळ किंवा गॅसच्या ज्योतीजवळ काम असेल तर सिंथेटिक कपडे चालत नाहीत, ते वितळून कातडीला चिकटतात. पुढून बंद असलेले बूट हवेतच. ओढणी, लोंबती बाही, गळ्यातली लांब साखळी, मोकळे केस यांतलं काहीही फिरत्या यंत्राजवळ नको.

याखेरीज एप्रन, दोन जुने टॉवेल, मोजपट्टी, हाताला लावायचं क्रीम, जखमेच्या पट्ट्या, रोजची औषधं, कानात घालायचे बोळे. वही आणि पेन्सिल न्या, पेन नको. ओल्या हातांखाली शाई पसरते, पेन्सिल टिकते. मास्किंग टेपची एक गुंडाळी आणि न पुसणारा मार्कर हमखास न्या. दुसऱ्या दिवशी फळीवर वीस जणांच्या सारख्याच दिसणाऱ्या वस्तू असतात, तेव्हा याचं मोल कळतं.

पिशवीचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवा. त्यात एक घडी केलेला खोका आणि जुने कागद टाका.

टप्पा ५ : पहिला दिवस

शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच पोचा. प्रवासाहून थेट कामाला बसलेला माणूस सकाळची हत्यारांची ओळख अर्धवट ऐकतो, आणि पुढच्या सगळ्या चुका तिथून सुरू होतात.

स्टुडिओत गेल्यावर आधी चार जागा पाहून घ्या: प्रथमोपचाराची पेटी, आग विझवायचं साधन, वीज किंवा गॅस बंद करायची जागा आणि हात धुवायची जागा.

मग शिक्षकाला हा प्रश्न विचारा: "नवी वस्तू सुरू करणं मी कोणत्या दिवशी, किती वाजता थांबवायला हवं?" संपूर्ण कार्यशाळेत यापेक्षा उपयोगी प्रश्न नाही. उत्तर मिळालं की शेवटच्या दुपारपासून उलटं मोजत या. समजा पाच दिवस आहेत आणि कुंभारकाम आहे. पाचव्या सकाळी बांधाबांध आणि सफाई. चौथा दिवस शेवटच्या भांड्यांची तासणी, पृष्ठभागाचं काम, नावं कोरणं. तिसऱ्या दुपारनंतर नवी वस्तू नाही. म्हणजे चाकावर घडवायला तुमच्याकडे खरे अडीच दिवस आहेत. हा आकडा पहिल्या संध्याकाळीच वहीच्या मुखपृष्ठावर लिहा.

पहिली वस्तू ठेवण्यासाठी करू नका. एकच भांडं तासभर गोंजारण्यापेक्षा पाच करा आणि पाचही तारेने उभी कापून पाहा. कापलेल्या भिंतीत सगळं दिसतं: कुठे जाड राहिली, कुठे बोट दाबलं, बूड किती उरलं. कापायला जीव होत नाही हे मला ठाऊक आहे. तरी कापा. पहिल्या दिवशी भांडं जपणारे आणि कापणारे यांच्यातला फरक तिसऱ्या दिवशी स्पष्ट दिसतो.

*तपासणी :* झोपण्याआधी तीन गोष्टी नक्की झालेल्या असाव्यात. थांबायची वेळ, तुमची एकच मुख्य वस्तू आणि फळीवरची तुमची जागा, नावाच्या पट्टीसह.

टप्पा ६ : मधले दिवस

दुसऱ्या दुपारी काम पहिल्या दिवसापेक्षा वाईट होऊ शकतं. हात दुखतात, आणि काल सहज होत होतं ते आज लक्षपूर्वक करायला गेल्यामुळे बिघडतं. हे बहुतेकांचं होतं. इथे लोक दोन चुका करतात. एक तर तंत्र बदलतात, चाक सोडून हाताने घडवायला घेतात, किंवा वस्तू बदलतात. तंत्र तेच ठेवा, फक्त थोडा वेळ दुसरं काम करा: माती मळा, कापड भिजत घाला, पट्ट्या लिहा, हत्यारांना धार लावा. तासाभराने परत बसा.

प्रात्यक्षिक पाहताना शिक्षकाच्या समोर उभे राहू नका. समोरून डावं-उजवं उलटं दिसतं आणि हात चुकीचं शिकतो. शिक्षकाच्या खांद्यामागे, त्याच दिशेला तोंड करून उभे राहा. पहिल्या वेळी फोन खिशात ठेवा आणि फक्त हात पाहा. दुसऱ्या वेळी, परवानगी घेऊन, चित्रण करा.

"कसं झालंय?" असं विचारल्यावर "छान" यापलीकडे काही मिळत नाही. काय घडतंय ते सांगून विचारा: "भिंत वर आली की इथे डुगडुगते, माझा कोणता हात सुटतोय?" आणि शिक्षकाने तुमच्याच वस्तूवर हात चालवून ती दुरुस्त करायला घेतली, तर नम्रपणे दुसऱ्या तुकड्यावर दाखवायची विनंती करा. वस्तू सुधारली पण हात तिथेच राहिला, तर घरी गेल्यावर ती सुधारणा तुमच्याकडे नसते.

एका वेळी एकच गोष्ट बदला. मातीही मऊ केली आणि चाकाचा वेगही वाढवला, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

*नेहमीच्या चुका, कलेनुसार*

माती: घट्ट झालेल्या भांड्याला ओला कान जोडला की वाळताना जोड तडकतो, कारण माती वाळताना आकसते आणि दोन्ही भाग वेगवेगळे आकसतात. दोन्ही एकाच ओलाव्याला आणून, खरवडून, पातळ मातीने जोडा आणि प्लॅस्टिकखाली सावकाश वाळवा. आतून बंद पोकळ आकाराला लहान भोक ठेवाच. भट्टीत भांडी फुटतात ती बहुतेकदा आत राहिलेल्या ओलाव्यामुळे, म्हणून जाड बूड हा पहिला संशयित.

विणकाम: कडा आत ओढल्या जातात आणि पट्टी वर जाता जाता अरुंद होते. बाणा, म्हणजे आडवा धागा, सरळ न टाकता तिरका किंवा कमानीसारखा टाकून मग फणीने ठोका. दर दहा सेंटिमीटरला रुंदी मोजा.

रंगकाम: तुरटी अंदाजाने टाकू नका. कोरड्या कापडाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के हे प्रमाण बहुतेक कामांना चालतं, म्हणून कापड कोरडं असतानाच वजन करा. मंजिष्ठा उकळली की लाल रंग तपकिरीकडे झुकतो, पाणी ७० अंशांच्या आसपासच ठेवा. हळदीचा रंग पाहताक्षणी मोहात पाडतो आणि उन्हात उडतो. तो शिकण्यासाठी ठीक, वापरायच्या वस्त्राला नको. निळीच्या भांड्यात कापड हळू बुडवा, हळूच काढा, वरून थेंब पडू देऊ नका, कारण आत हवा गेली की नीळ बिघडते. बाहेर काढताना कापड पिवळसर हिरवं असतं आणि हवेत निळं होत जातं. गडद रंगासाठी एकदा बराच वेळ बुडवण्यापेक्षा थोड्या थोड्या वेळाने अनेकदा बुडवा.

लिनोकट: अक्षरं उलटी कोरायची हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही ऐन वेळी विसरतात. आरशात पाहून खात्री करा, मगच पहिला चर पाडा. दुसरा हात हत्याराच्या पुढे कधीही नको.

पुस्तकबांधणी: कागदाला तंतूंची दिशा असते. दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून पाहा, जिकडे सहज वाकतो ती रेषा पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी. हे चुकलं तर पानं लाटांसारखी होतात आणि कोणताही डिंक ते सुधारत नाही.

चांदी: ज्योत डाखावर धरू नका, पूर्ण वस्तू सारखी तापवा. डाख उष्णतेकडे धावतो. जोड मळका असेल किंवा त्यात फट असेल तर तो बसणारच नाही. आधी स्वच्छ करा, घट्ट बसवा, मग आग.

*इशारे, जे वगळू नयेत :*

वाळलेली माती कधीही झाडू नका. तिच्या धुळीतली सिलिका वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसं कायमची खराब होतात. ओल्या फडक्याने पुसा.

जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून डब्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता निर्माण करतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर, एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

रंगकामाची भांडी पुन्हा स्वयंपाकात नकोत. शिसं असलेल्या डाखाने काम केलं असेल तर खाण्याआधी साबणाने हात धुवा.

थकल्यावर धार हातात घेऊ नका. रात्रीचा स्टुडिओ सरावासाठी, नोंदींसाठी, घासकामासाठी ठेवा, कोरीवकाम सकाळी.

टप्पा ७ : रोज संध्याकाळी दहा मिनिटं नोंदी

"आज खूप मजा आली" ही नोंद महिन्याने निरुपयोगी असते. आकडे लिहा: मातीच्या गोळ्याचं वजन, ताण्याचे धागे, कापडाचं वजन, पाण्याचं तापमान, किती मिनिटं. जे फसलं तेही लिहा आणि त्यापुढे शिक्षकाने सांगितलेलं कारण. फसलेल्या कामाचा छोटा तुकडा, नमुन्याची चिंधी, झिलईची चाचणी-पट्टी टेपने नाव लावून ठेवा. शिक्षक बोलता बोलता एखाद्या साहित्याचं नाव घेतात, ते तिथल्या तिथे टिपा. घरी आल्यावर ते कुणालाच आठवत नाही.

टप्पा ८ : शेवटचा दिवस

शेवटच्या सकाळी 'अजून एक' सुरू करण्याचा मोह सगळ्यांना होतो. ती वस्तू तिथेच राहते.

मागे ठेवायच्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला नाव किंवा खूण कोरलेली आहे का पाहा. कागदी चिठ्ठी भट्टीत जळते. प्रत्येकाचा फोटो काढा, कोणती झिलई हवी ते लिहून द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. पूर्ण वाळलेली पण न भाजलेली वस्तू प्रवासात नेऊ नका. त्या अवस्थेत माती सगळ्यात ठिसूळ असते.

ओल्या लाकडाचा चमचा प्लॅस्टिकमध्ये बांधला तर बुरशी येते, उघडा ठेवला तर तडकतो. कागदी पिशवीत त्याच लाकडाच्या ढलप्यांसोबत ठेवा. छापे पातळ कागद मध्ये घालून सपाट न्या. विमानाने जाणार असाल तर सुऱ्या आणि पटाशा चेक-इनच्या सामानात, टोकं झाकून.

निघण्याआधी शिक्षकाला दोन प्रश्न विचारा: पुढच्या महिन्यात मी नेमका कशाचा सराव करू? आणि फक्त दोन हत्यारं घ्यायची तर कोणती? आता मिळणारं उत्तर तुमचा हात चार दिवस पाहून दिलेलं असतं.

टप्पा ९ : परतल्यानंतरचे दोन आठवडे

पहिल्या आठ दिवसांत तीच वस्तू, त्याच मापाची, पुन्हा एकदा करा. नवी कल्पना नको. चाक किंवा भट्टी नसेल तर जवळपासच्या सामायिक स्टुडिओत दोन तास मिळतात का पाहा, नाहीतर चिमटून, वळ्या रचून हातानेच करा. महागडं यंत्र या दोन आठवड्यांत घेऊ नका. उत्साह ओसरल्यावरही हात शिवशिवत असतील, तेव्हा घ्या.

घरी माती वापरली तर ते पाणी मोरीत ओतू नका, नळी तुंबते. बादलीत रात्रभर ठेवून वरचं निवळ पाणी ओता आणि खाली बसलेली माती वेगळी काढा.

लाकडी चमचा केला असेल तर तो दर दोन-तीन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि आकडा लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. तेव्हाच शेवटचा हात फिरवा आणि तेल लावा. आधी लावलं तर आत ओल अडकते.

भाजून पाठवलेली भांडी आली की वापरण्याआधी प्रत्येकात पाणी भरून कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर ओलं वर्तुळ उमटलं असेल, तर त्या भांड्यात पाणी किंवा पातळ पदार्थ ठेवू नका. कागद कोरडा असेल, तर आयोजकांना एक गोष्ट लेखी विचारून घ्या: ही झिलई खाण्याच्या भांड्यांसाठी चालते का? हो म्हणाले तर आत हात फिरवून खडबडीत कडा किंवा बारीक तडे राहिले नाहीत ना ते पाहा, धुवा आणि वापरायला काढा.